खानापूरला गाडी दोन मिनिटं थांबते

मंगळवार पेठ, कोल्हापूर
२ डिसेंबर २०२४

आक्का,

नमस्कार आधीच करून ठेवतो, पुढचं वाचायचं की नाही ते तू ठरव. फोन तू उचलत नाहीस. उदयला लावला तर तो म्हणतो, "मामा, आई घरातच हाय, पर तुमच्याशी बोलायचं न्हाय म्हंती. मी मधी पडत न्हाय." तुझाच पोरगा तो, कशाला पडेल? म्हणून शेवटी कागद-पेन घेऊन बसलो.

उदयकडून सगळं कळलं. आम्ही नातीला बघायला बेंगळूरला निघालो म्हणून तू नेहमीसारखी डबा घेऊन खानापूर स्टेशनवर आलीस, सोबत बाळंतविड्याचं गाठोडं. सांगितलेल्या बोगीच्या दारात मी दिसलो नाही म्हणून आत चढलीस. गाडी सुटली आणि तुला थेट लोंढ्याला उतरावं लागलं. तिन्हीसांजेला त्या रानातल्या स्टेशनावर तू एकटी बसलीस. उदय जीप घेऊन आला म्हणून बरं, नाहीतर काय केलं असतंस? कुठं लागलं-खुपलं नाही ना?

आता माझंही ऐक. आम्ही त्या गाडीत नव्हतोच. विमानानं गेलो. तिकीट ऐनवेळी बदललं गं. पोरानं, आदर्शनं तिकडून परस्पर काढलं, स्वस्तातलं विमान मिळालं म्हणाला, आणि गडबडीत तुला कळवायचं राहून गेलं. यापलीकडं काही नाही. माझ्या मनात काही असतं तर मी असा राजरोस पत्र लिहीत बसलो असतो का?

तूच सांग, माझ्या जागी तू काय केलं असतंस? रेल्वेनं जायचं म्हणजे आधी मिरज गाठायची. एसटीत सामान कोंबायचं, मिरजेचा जिना चढायचा, मग रात्रभर गुडघे पोटाशी घेऊन पडायचं. घोरणारा एकजण प्रत्येक बोगीत रेल्वेच ठेवते की काय कोण जाणे. आणि विमान? उजळाईवाडीच्या विमानतळाला रिक्षा केली की झालं. सकाळी इथं चहा घेतला आणि दुपारी बेंगळुरात सुनेच्या घरी जेवायला बसलो. हल्ली आगाऊ तिकीट काढलं तर एसीच्या बर्थपेक्षा फार जास्त लागतही नाही. पहिल्यांदाच बसलो. खिडकीशी बसून खाली बघत होतो. ढगच ढग, कुठलं गाव कुठं ते काही कळलं नाही.

एक गंमत सांगतो. तुझ्या भावजयीनं, संयोगितानं हातातल्या पिशवीत कांदा-लसूण चटणीची बरणी ठेवलेली. तपासणीवाल्या पोरीनं ती बाहेर काढली. "मॅडम, हे आत नेता येणार नाही." संयोगिता म्हणाली, "अगं चटणी हाय ती, बाँब न्हवं." पोरगी काही हसली नाही. मी कागलच्या एमआयडीसीत वितळलेल्या लोखंडाशेजारी जन्म घालवला, पण आपल्या चटणीला लोक इतके घाबरतात हे त्या दिवशी कळलं.

नात गोरी आहे, नाक तुझ्यावर गेलंय. तिचं नाव तूच ठेवायचंस, हे ठरलेलं आहे ते ठरलेलं आहे. आदर्शला बहीण नाही. त्याचं नाव त्याच्या कानात तूच सांगितलंस, तेव्हा त्याच्या लेकीचंही तूच सांगायचंस. बारसं जानेवारीत करायचं म्हणतात.

रागवू नको. फोन उचल.

तुझा
आकाराम


मंगळवार पेठ, कोल्हापूर
१३ डिसेंबर २०२४

आक्का,

काल दुपारी दारात एक बाई आली. डोक्यावर ओढणी, एका हातात गाठोडं, दुसऱ्या हातात चार पुडांचा डबा. "आकाराम गावडे हितंच ऱ्हात्यात न्हवं?" म्हणाली. डबा मी लगेच ओळखला. माझ्या लग्नात तूच दिलेला, झाकणावर माझं नाव घालून घेतलेला. जाताना तू भरून द्यायचीस, येताना मी त्यात बेंगळूरचं काहीबाही घालून खाली हातात ठेवायचो. माझ्या हातात तो असा परक्या बाईकडून यावा, हे आपल्या दोघांच्याही ध्यानीमनी नसेल.

ती मेहमुदा, मिरजेची. मी तुला सांगितलेल्या बर्थवर त्या दिवशी ती आणि तिची मुलगी सुहाना होती. तू गाडीत मंगळवार पेठ म्हणालेलीस, तेवढं तिच्या लक्षात राहिलं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात झाकणावरचं नाव दाखवलं आणि घर शोधून काढलं. आत आल्या आल्या पहिलं काय विचारलं असेल?

"तुमच्या आक्का बऱ्या हायत न्हवं?"

मी हो म्हणालो. मला कुठं माहीत होतं?

मग तिनं सगळं सांगितलं. उदयनं जे सांगितलं नाही, किंवा तू त्यालाही सांगितलं नसशील, ते. ती म्हणाली, "त्या आल्या आन म्हणाल्या, ही जागा माझ्या भावाची हाय. मी म्हणलं, मावशी, आमचं तिकीट बघा. तर म्हणाल्या, तुमचं बी खरं आसंल, पर माझ्या भावानं हाच नंबर सांगितलाय, तो चुकायचा न्हाय. हात धुवाया गेला आसंल. आन गाठोडं, डबा बर्थखाली सरकवून हुब्या ऱ्हायल्या. गाडी हालली तरी त्यांचं ध्यान दाराकडं न्हवतं, मोरीकडंच बघत हुत्या."

मग टीसी आला. त्यानं यादी बघितली आणि या नावाचं कुणी नाही म्हणाला. त्यावर तू मेहमुदाला म्हणालीस, "गडबडीत नंबर चुकला आसंल त्याचा." इतकं झाल्यावरही तू माझीच बाजू घेतलीस, आक्का. लोंढ्याला तुला घाईघाईनं खाली उतरवलं आणि गाठोडं-डबा बर्थखालीच राहिला. परत येताना ती बिचारी खानापूरला दारात उभी राहिली म्हणे, तू दिसतेस का बघत.

"डबा मातर आमी खाल्ला बरं का, भाऊ," ती म्हणाली. "भाकरी काय टिकायची न्हाय म्हणलं. सुहानाला वांग्याची भाजी लई आवडली." आणि डब्यात तिनं घरच्या शेवया भरून आणल्या होत्या. रिकामा कसा द्यायचा, म्हणाली.

संयोगितानं चहा ठेवला. चहा पिता पिता मेहमुदानं सहज विचारलं, "मग तुमी कुठल्या बोगीत हुता?"

मी म्हणालो, "पुढच्या."

आक्का, माझ्या तोंडून हे कसं गेलं मला कळत नाही. मिरजेची बाई, तिला खरं सांगितलं असतं तर माझं काय जाणार होतं? संयोगितानं कपबशी जरा जोरातच खाली ठेवली. मेहमुदा गेल्यावर म्हणाली, "आता मिरजंपतोर पोचवलं तुमचं खोटं. वन्सं राग धरत्यात त्येच बराबर हाय." आणि रात्री माझं ताट वाढून ठेवलं, पण स्वतः माझ्याबरोबर बसली नाही.

तर खरं ते लिहितो. तिकीट ऐनवेळी बदललं नव्हतं. आदर्शनं ते महिनाभर आधी काढलं होतं, तेही मला विचारून. तू बोगी नंबर विचारायला फोन केलास तेव्हा मी स्वयंपाकघरात उभा होतो आणि विमानाचं तिकीट माझ्या मोबाइलमध्ये होतं. संयोगिता समोरून हातवारे करत होती, सांगा की, सांगा की. आणि मी म्हणालो, "एस-सहा." मागच्या खेपेचा नंबर तोंडात होता, तोच दिला. बर्थसुद्धा मागच्याच खेपेचे सांगितले.

विमानानं जातोय म्हणायला इतकं काय अवघड होतं, असं तू विचारशील. अवघड होतं. तू फोनवर सांगत होतीस, डिंकाचे लाडू केलेत, कुंची शिवली, गोधडी होत आली. त्यात मधेच मी म्हणायचं की आक्का, येऊ नको, आम्ही यंदा वरून जाणार? मला वाटलं, गाडी येईल, दोन मिनिटांत निघून जाईल, तू म्हणशील चुकामूक झाली. कुणाला काही दुखणार नाही.

आणि आणखी एक आहे. हे संयोगितालाही सांगितलेलं नाही. मला तुझं गाठोडं नको होतं. विमानात पंधराच किलो चालतात हे खरं, पण ते निमित्त झालं. आपल्या सुनेच्या, अनुजाच्या घरची माणसं शिकलेली, फ्लॅट टापटीप, बाळाला बाजारातली मऊ दुपटी आणलेली. त्यात आपलं जुन्या लुगड्यांचं, चुलीच्या धुराचा वास मारणारं गाठोडं सोडायचं, याची मला लाज वाटली. काल गाठोडं उघडलं. गोधडीच्या एका बाजूला आईच्या हिरव्या लुगड्याचा काठ लावलायस. तो हातात धरून मी किती वेळ बसलो होतो कोण जाणे. आता लाज वाटतेय, पण माझी.

फोन उचल असं आज म्हणत नाही.

आकाराम


मंगळवार पेठ, कोल्हापूर
२६ डिसेंबर २०२४

आक्का,

उदय म्हणाला, दोन्ही पत्रं तू वाचलीस. काय म्हणाली, विचारलं, तर म्हणाला, "काय न्हाय. घडी घातली आन देवाच्या फळीवर ठिवली." ते चांगलं की वाईट ते माझ्या डोक्यात शिरेना. संयोगिताला विचारलं तर म्हणाली, "फळीवर आगपेटी बी आस्ती."

कामाचं आधी सांगतो. बारसं १२ जानेवारीला, रविवारी ठरलंय. आम्ही ९ तारखेला, गुरुवारी निघतोय. रेल्वेनं. बोगी बी-दोन. हा नंबर खरा आहे, या वेळी तिकिटावर बघून लिहिलाय, आणि संयोगितालाही वाचून दाखवलाय. तीन बर्थ काढलेत. तिसरा तुझा, खानापूरपासून.

आदर्श नको म्हणत होता. "पप्पा, विमान स्वस्तात मिळतंय, तुमच्या गुडघ्याला झेपायचं नाही." मी म्हणालो, मी गाडीनंच येणार. काय झालं विचारलं तर काही सांगितलं नाही. डॉक्टर जिने चढू नका म्हणाले, पण मिरजेचा जिना चढून येतोय, एवढं लक्षात घे.

तू बॅग भरून फलाटावर ये. गाठोडं मी घेऊन येतो, तुझ्या हातानं तूच अनुजाच्या ओटीत दे. डबा संयोगिता भरणार आहे. मी दारात उभा असेन, हात देऊन तुला वर घेईन. दोन मिनिटं पुष्कळ झाली. नातीच्या कानात नाव तुझ्याच तोंडून जायला पाहिजे.

आता ते राहिलेलं. मागच्या पत्रात एवढं लिहिलं, पण हे काही लिहवेना. त्या दिवशी संध्याकाळी मी बेंगळूरहून तुला फोन केला. उदयला तू त्याबद्दल काही बोललेली दिसत नाहीस. पण तू विसरली नसशील.

विमान सकाळचं होतं. दिवसभर माझ्यापाशी मोबाइल होता. तू दुपारी भाकरी थापत असशील, तेव्हा मी नातीला मांडीवर घेऊन बसलेलो. तू स्टेशनकडं निघाली असशील, तेव्हा मी सोफ्यावर चहा पीत होतो. कधीही सांगता आलं असतं, की आक्का, जाऊ नको. मी घड्याळ बघत होतो. गाडी खानापूर सोडून अर्धा-पाऊण तास होईपर्यंत थांबलो आणि मग फोन लावला. म्हणालो, "आक्का, दारात हुबा हुतो की गं, दिसली न्हाईस तू."

तू म्हणालीस, "व्हय?"

"व्हय की. गर्दी लई हुती."

"बरं," म्हणालीस आणि फोन ठेवलास.

मागं भोंग्यावर कन्नडात काहीतरी सांगत होते. मला वाटलं खानापूरचंच स्टेशन, गाडी उशिरा आली असेल, अजून फलाटावर असशील. तू लोंढ्याला होतीस. बोगीत जाऊन, माझी जागा बघून, यादीत माझं नाव नाही हे ऐकून तू तिथं बसलेलीस. आणि मी तुला दारात उभा होतो म्हणून सांगत होतो. टीसीपुढं माझी बाजू घेऊन दहा-पंधरा मिनिटंही झाली नसतील. तुझ्या जागी मी असतो तर फोनवरच आईबापाचा उद्धार केला असता. तू नुसतं बरं म्हणालीस. त्या 'बरं'नं मला महिनाभर जेवण गोड लागलेलं नाही.

तर गुरुवारी. बी-दोन. ये.

आकाराम


बेंगळूर
१४ जानेवारी २०२५

आक्का,

आज संक्रांत. इथं तीळगूळ वाटून झाला, आणि मी आदर्शच्या टेबलाशी हे लिहायला बसलोय. फलाटावर मला बोलता आलं नाही. वेळ नव्हता म्हणावं तर दोन मिनिटं होती, आणि बोलायला काही असतं तर तेवढी पुरली असती.

बेळगाव सुटल्यापासून मी दारात उभा होतो. संयोगिता ओरडत होती, गुडघा, गुडघा. खानापूर आलं. तू फलाटाच्या टोकाला, नळापाशी उभी होतीस. हातात बॅग नव्हती, पिशवी नव्हती, काहीच नव्हतं. रिकाम्या हातानं स्टेशनवर आलेली मी तुला जन्मात बघितली नव्हती. तरी मला आनंदच झाला, बरं का. वाटलं आली, जिंकलो. मी लहान पोरासारखा हाका मारत सुटलो. तू सावकाश चालत आलीस. आधी बोगीवरचा नंबर वाचलास, मग माझ्याकडं बघितलंस.

"हाईस म्हणायचं गाडीत," म्हणालीस.

मी हात पुढं केला. "चढ, आक्का. बर्थ हाय तुझा." तू हात दिला नाहीस. मी डबा पुढं केला. संयोगितानं करंज्या भरल्या होत्या. तो पण तू घेतला नाहीस.

मग तू जे बोललीस ते मी इथं पुन्हा लिहितो. तुला माहीत आहे, पण मला ते माझ्या हातानं लिहायचंय.

"मागल्या खेपंला वरनं गेलास. आज खालनं चाललाईस. दोन्हीकडनं जातोसच की. माझ्या घरला उतरलास कवा रं तू?"

मी म्हणालो, "आक्का, बारसं..."

"नाव ठेवाया बोलवायचं म्हंजी कुकू घिऊन दारात येत्यात, आकाराम. गाडीच्या दारातनं हाळी मारत न्हाईत."

गाडी हलली. मला वाटलं आता तू पाठ फिरवशील. तू दोन पावलं गाडीबरोबर आलीस आणि म्हणालीस, "आत हो. पडशील."

मी आत झालो नाही, आणि उतरलोही नाही. दांडा धरून उभा राहिलो. उडी टाकायचं वय नाही, बायको आत, सामान आत, हे सगळं मी स्वतःला सांगितलं. लोंढ्याला गाडी थांबली तेव्हा खाली उतरलो. तू कुठल्या बाकावर बसली असशील ते बघत होतो. शिट्टी झाली तसा परत चढलो. तिथंही उतरलो म्हणण्यात काही अर्थ नाही.

रात्रभर झोप लागली नाही, आणि घोरणारा कोणी नव्हता. मी आठवत होतो. तुझ्या लग्नात वऱ्हाडाबरोबर आलो. दाजी गेले तेव्हा आलो, माती देऊन त्याच संध्याकाळी फिरलो, दुसऱ्या दिवशी कारखान्यात पाळी होती म्हणून. उदयच्या लग्नात हॉलवर आलो आणि हॉलवरून परत गेलो. बाकी सगळी वर्षं मी तुला गाडीच्या दारातून बघितली. आदर्श शिकायला बेंगळूरला आला तेव्हापासून वर्षातून चार-चार वेळा खानापूरवरून गेलो आणि कधी मनातसुद्धा आलं नाही की इथं उतरावं, एक रात्र राहावं. लोकांना मात्र कौतुकानं सांगायचो, आमची आक्का, दोन मिनिटांच्या थांब्यावर डबा घेऊन उभी असते. ते माझ्या मायेचं कौतुक समजत होतो मी. त्यात माझं काय होतं? मी नुसता हात बाहेर काढायचो.

रेल्वे की विमान, यावर मी तुला पानं भरून लिहिली. गुडघा लिहिला, जिना लिहिला, गाडीनं येतोय म्हणून उपकार केल्यासारखं लिहिलं. तू एकाच वाक्यात सगळं मातीत घातलंस.

बारसं झालं नाही, आक्का. पाळणा सजवलेला, अनुजाच्या माहेरची माणसं आलेली. नाव कोण सांगणार म्हटल्यावर आदर्श माझ्याकडं बघायला लागला. "पप्पा, आत्ती का आली नाही? तुम्ही तर येणार म्हणालेला." सगळ्यांसमोर मला सांगावं लागलं की मी माझ्या बहिणीला पत्रानं बोलावलं, आणि त्याच्या आधी काय काय केलं तेही. विमान, एस-सहा, फोन, सगळं. व्याही खाली बघत होते. आदर्श एवढंच म्हणाला, "मला वाटलं तुम्ही आत्तीला सांगितलं असेल." तेव्हापासून दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलतोय. मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

अनुजा उठली आणि बाळाला पाळण्यातून उचलून घेतलं. म्हणाली, "आत्ती आल्याशिवाय नाव नको. घाई कुणाला आहे?" मग लोकांनी पेढे खाल्ले, बिननावाच्या पोरीला हातावर पैसे ठेवले आणि गेले. रात्री मी गाठोडं तिच्यापुढं ठेवलं. खरं म्हणजे ते तुझ्या हातून जायला पाहिजे होतं, पण थंडी आहे इथं. तिनं गोधडी उलगडली आणि बाळाखाली घातली. धुराचा वास येतो, असं मीच आधी बोलून मोकळा झालो. ती म्हणाली, "येऊ दे की."

परतीचं विमानाचं तिकीट आदर्शनं आधीच काढून ठेवलं होतं, थेट कोल्हापूरचं. ते मी रद्द करायला लावलं. संयोगिताला म्हणालो, तू विमानानं जा हवं तर, चटणीबिटणी काही नाही या वेळी. ती म्हणाली, "तुमी एकटं जाऊन काय बोलणार, डोंबल? कुकवाचा करंडा मी घेतलाय." नारळ आणि खण इथूनच घेतला. डबा तसाच माझ्यापाशी आहे, करंज्या संपल्या, पण त्यात तिळाचे लाडू घातलेत. आज केलेले.

तू दार उघडशील की नाही मला माहीत नाही. उघडलंस तर कुंकू लावून बोलावतो. नाही उघडलंस तर पायरीवर बसतो, गाडी दुसरीही असते. तू नको म्हणालीस तर पोरगी अजून काही दिवस बिननावाची राहील, आणि ते माझ्यामुळं राहील.

आम्ही शुक्रवारी सकाळी पोचतो. हे पत्र आधी येईल की मी, सांगता येत नाही. तिकीट खानापूरपर्यंतचंच काढलंय. तू स्टेशनवर येऊ नको. तुझ्या घराची वाट मला नीट आठवत नाही, आक्का. विचारत विचारत येतो.

आकाराम